फॉर्मवरची दीड ओळ

मागच्या आठवड्यात लोकमान्य नगरातल्या एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. त्यांच्या दिराला महिनाभर ताप येतोय, लिव्हरची बायोप्सी झाली, आणि रिपोर्टात टी-सेल म्हणून काहीतरी आलंय. “तुम्ही लॅबमध्ये होतात ना हो, म्हणजे काय असतं ते?” मी सवयीने म्हटलं, “मी डॉक्टर नाही हो.” हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा म्हटलंय की आता न विचारता बाहेर पडतं. फोन ठेवला, ओट्यापाशी उभी राहिले, आणि डोळ्यांदेखत दूध उतू गेलं.

याच वाक्याच्या आड बसून मी एकदा पस्तीस दिवस घालवले आहेत. संध्याकाळी त्या बाईंना परत फोन केला आणि चाळीस मिनिटं बोलले. त्यांना जे सांगितलं ते, आणि जे सांगितलं नाही तेही, इथे लिहून ठेवते.

मी 1983 ते 2014 इंदुरात एका हिस्टोपॅथॉलॉजी विभागात टेक्निशियन होते. लॅब म्हटलं की लोकांना रक्त-लघवी आठवते. आमचं काम मांसाच्या तुकड्यांचं. ऑपरेशन थिएटरमधून फॉर्मॅलिनच्या बाटलीत तुकडा येतो. आधी चढत्या टक्क्याच्या अल्कोहोलमधून त्यातलं पाणी काढायचं, मग झायलीन, मग साठेक अंशावर वितळलेलं मेण. मेण आत मुरलं की साच्यात घालून ब्लॉक करायचा. तो ब्लॉक मायक्रोटोमवर चढवायचा आणि तीन-चार मायक्रॉनचे काप घ्यायचे. माणसाच्या केसाची जाडी सत्तर-ऐंशी मायक्रॉन धरा, म्हणजे अंदाज येईल. काप एकाला एक चिकटून रिबीन निघते. ती कोमट पाण्यावर हलकेच सोडायची, सुरकुती पडली तर ब्रशच्या टोकाने सोडवायची आणि खालून काच सरकवून उचलायची. श्वास रोखून. माझ्या सासूबाई कुरडईचा चीक असाच श्वास रोखून घोटायच्या, त्यामुळे मला हे काम कधी परकं वाटलं नाही. नंतर रंग: हिमॅटॉक्सिलीनने पेशींची केंद्रकं निळी-जांभळी, इओसिनने बाकी सगळं गुलाबी. हिमॅटॉक्सिलीन मुळात मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून निघतं. आमच्या जुन्या साहेबांना हे प्रत्येक नव्या मुलाला सांगायची हौस होती.

एकतीस वर्षांत माझी एकच कायमची तक्रार होती, फॉर्मची. तुकड्याबरोबर एक कागद येतो. त्यावर रुग्णाची माहिती लिहायला दीड ओळ जागा असते आणि तीसुद्धा कुणी भरत नाही. नुसतं “गाठ”. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम चष्मा कपाळावर चढवून विचारायच्या, “कसली गाठ? कुठली? किती दिवसांची? का सुतळीची?” मायक्रोस्कोपखाली बघणाऱ्याला माणूस दिसत नाही, शेवईएवढा तुकडा दिसतो. माणूस त्या दीड ओळीतूनच कळायचा असतो. मी वॉर्डात फोन लावून ज्युनिअर डॉक्टरांना झापायची. त्या फॉर्मवाल्या ताई म्हणून मी प्रसिद्ध होते, आणि ते काही कौतुकाने म्हणत नसत.

आता चिन्मयचं.

चिन्मय माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. 2016 साली अठ्ठावीस वर्षांचा. पिथमपूरला एका कारखान्यात क्वालिटीत होता, रोज सकाळी कंपनीची बस. अंगाने तगडा, खाण्याचा शौकीन, रविवारी पोहे-जिलबी बाहेरच. मित्रांत सगळ्यांचा भिया, म्हणजे भाऊ. रंगपंचमीच्या गेरेत, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, सकाळी जो जायचा तो दुपारी ओळखू न येणाऱ्या अवस्थेत माझ्याकडे यायचा. माझं घर राजवाड्यापासून जवळ, आणि त्याच्या आईने तशा अवतारात त्याला दारात उभं केलं नसतं.

त्या वर्षी नागपंचमीच्या आसपास त्याला ताप यायला लागला. संध्याकाळी चढायचा, 102 पर्यंत. रात्री घाम, दोन-दोन बनियन बदलायचे. सकाळी बरा, पोहे मागायचा. पावसाळ्यात इंदुरात ताप कुणाला येत नाही? मलेरिया बघितला, डेंगी बघितला, टायफॉइडची विडाल झाली, तापाच्या गोळ्या झाल्या. गल्लीतल्या दवाखान्यात दोन दिवस एक इंजेक्शन मिळालं आणि ताप तीन दिवस गायब. बहीण पेढे घेऊन आली. मी पेढा खाल्ला आणि विचारलं, इंजेक्शन कसलं होतं? चिठ्ठीवर डेक्सा लिहिलेलं. म्हणजे स्टेरॉइड. स्टेरॉइडने कुठलाही ताप दबतो, आणि काही आजारांत पेशीसुद्धा दबतात, म्हणजे नंतर शोधणाऱ्याच्या हाती कमी लागतं. मी हे बोलले नाही. चौथ्या दिवशी ताप परत.

तीन आठवडे उलटले तसे मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. न समजलेल्या तापाची एक जुनी व्याख्या आहे. पीटर्सडॉर्फ आणि बीसन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी 1961 साली केलेली: 101 च्या वर ताप, तीन आठवड्यांहून जास्त, आणि आठवडाभर दवाखान्यात तपासूनही कारण नाही. त्यांनी असे शंभर रुग्ण मांडले होते. 36 जणांत कुठला ना कुठला जंतुसंसर्ग निघाला, 19 जणांत कॅन्सर. आपल्याकडे जंतूंचं पारडं अजून जड, आणि त्यात पहिला नंबर टीबीचा. म्हणून भारतातला कुठलाही डॉक्टर महिनाभराच्या तापात आधी टीबीच शोधणार. यात त्याची चूक नाही. मीही तेच शोधलं असतं.

चिन्मयच्या गळ्यात, काखेत, जांघेत कुठेही गाठ नव्हती. सीटीत छाती-पोटातही नाही. फक्त पाणथरी मोठी, 17 सेंटिमीटर, आणि लिव्हर थोडं वाढलेलं. पांढऱ्या पेशी कमी, 2800. प्लेटलेट आधी एक लाख तीस हजार, दहा दिवसांनी 84 हजार. हिमोग्लोबिन नऊ. रक्तातलं एलडीएच वाढलेलं, फेरिटिन हजारांत, दोन्ही आत काहीतरी मोठं बिनसल्याच्या खुणा. वजन 71 वरून 63. ब्लड कल्चरमध्ये काही वाढलं नाही. डॉक्टर म्हणाले, लिव्हरचा तुकडा काढून बघू.

गणपतीचे दिवस होते. बायोप्सीच्या दिवशी बहिणीचे हात इतके थरथरत होते की काउंटरवरच्या मुलीने सरकवलेला फॉर्म मी ओढून घेतला. “दीदी, ये भर दीजिए, डॉक्टर साब साइन कर देंगे.” नाव, वय, पत्ता. खाली तीच दीड ओळ. मागे रांग, चिन्मयला आत बोलावलेलं, पेनाची शाई फुटलेली. मी लिहिलं: “एक महिना ताप. टीबी?”

बस. पाणथरी लिहिली नाही. प्लेटलेट निम्म्यावर येत चालल्यात हे लिहिलं नाही. गाठी कुठेच नाहीत हे लिहिलं नाही. दोन दिवस स्टेरॉइड झालंय हेही नाही. फॉर्मवाल्या ताईंनी.

बायोप्सी स्वतः काहीच वेळ घेत नाही. सोनोग्राफीत बघून उजव्या बरगड्यांच्या फटीतून सुई, “श्वास सोडा, धरून ठेवा,” खट्ट, झालं. 1958 मध्ये मेंगिनी नावाच्या इटालियन डॉक्टरने एका सेकंदाची सुई म्हणून पद्धत काढली होती. आता स्प्रिंगची सुई असते, पण सेकंद तोच. नंतर उजव्या कुशीवर पडून राहायचं, म्हणजे लिव्हर बरगडीवर दाबलं जाऊन रक्त थांबतं. चिन्मय कुशीवर पडून मोबाइलवर मॅच बघत होता. मला म्हणाला, “मावशी, माझा पीस बघितलास का? लिव्हर कसं दिसतं रे बाबा?” मी म्हटलं, बारीक शेवेसारखं, रंग जरा काळपट. “मग रतलामी नाही, उज्जैनी,” म्हणाला आणि हसला, तर खांद्यात कळ आली. लिव्हरच्या बायोप्सीनंतर उजव्या खांद्यात दुखतं, मज्जातंतूंचा रस्ता तसा आहे.

तो तुकडा म्हणजे अख्ख्या लिव्हरचा पन्नास हजारावा भाग. जत्रेतला एक माणूस गाठून अख्ख्या गावाची खबर विचारावी, तसं.

पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. ग्रॅन्युलोमा, म्हणजे टीबीत दिसणारे पेशींचे गोळे, नाही. टीबीच्या जंतूंचा खास स्टेन निगेटिव्ह. सायनुसॉइडमध्ये सौम्य प्रमाणात लिम्फोसाइट्स, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशी. निष्कर्ष: विशिष्ट असं काही नाही, प्रतिक्रियात्मक बदल, रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावं.

ज्याने हा रिपोर्ट दिला त्याला मी आजही दोष देत नाही. त्याला विचारलं होतं “टीबी?” त्याने टीबी शोधली. नव्हती. तसं लिहिलं.

डॉक्टरांनी तरी टीबीची औषधं सुरू केली. आमच्याकडे सगळे एकेटी म्हणतात. अनंत चतुर्दशीच्या रात्री पहिला डोस. बाहेर मिलच्या झांक्या निघाल्या होत्या, ढोलांच्या आवाजात खिडक्यांची तावदानं वाजत होती, आणि बहीण गोळ्या मोजून वाटीत ठेवत होती. दुसऱ्या दिवशी लघवी केशरी. रिफॅम्पिसिनने होतेच. पण ती बघून तिला वाटलं औषध लागू पडतंय.

ताप हलला नाही. तीन आठवड्यांनी एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात चढतं ते, वाढलं. आता घोळ असा की टीबीच्या गोळ्याही लिव्हरला बाधतात, म्हणजे हे गोळ्यांनी झालं की मूळ आजाराने, कोण सांगणार? एक गोळी बंद केली, एक बदलली. दसरा झाला. चिन्मयचे डोळे पिवळट दिसायला लागले.

आणि मी काय करत होते? रिपोर्टातला “सायनुसॉइडमध्ये” हा शब्द मला पहिल्या दिवसापासून टोचत होता. साध्या कावीळ-हिपॅटायटिसमध्ये लिम्फोसाइट्सची गर्दी बहुतेक पोर्टल ट्रॅक्टमध्ये असते, म्हणजे जिथून रक्तवाहिन्या आणि पित्ताच्या नळ्या आत येतात त्या नाक्यांवर. सायनुसॉइड म्हणजे पेशींच्या ओळींमधल्या बोळी. त्यांत कुपफर पेशी पहारा देत असतात, तुरळक लिम्फोसाइट असतो. बोळी भरलेल्या असणं हे वेगळं. हे मला येत होतं, कारण एकतीस वर्षं मॅडमच्या मागे उभी राहून ऐकलं होतं. पण रोज रात्री मनात तेच यायचं की मी डॉक्टर नाही. मोठ्या डॉक्टरांना टेक्निशियन बाईने काय सांगावं? बहीण म्हणेल, ताईला भलतंच सुचतं. शिवाय उघड करून सांगायचं तर एक गोष्ट मला नको होती. ब्लॉक मागवला की बरोबर तो फॉर्म येणार होता, माझ्या अक्षरातला.

कोजागरीच्या तिसऱ्या दिवशी चिन्मयच्या नाकातून रक्त आलं. मी रिक्षा केली आणि त्या लॅबमध्ये गेले. ब्लॉक आणि स्लाइड रुग्णाला मागता येतात. नातेवाइकांना हे बहुधा ठाऊकच नसतं, त्यांना वाटतं रिपोर्ट आला म्हणजे संपलं. तुकडा मेणात तसाच असतो, त्यातून अजून काप निघतात, अजून प्रश्न विचारता येतात. काउंटरवरचा मुलगा “क्यों चाहिए?” म्हणाला, मी सही केली, त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत ब्लॉक, दोन स्लाइड आणि फॉर्मची झेरॉक्स घालून दिली.

आमच्या मॅडम तेव्हा निवृत्त होऊन घरीच होत्या, पण मायक्रोस्कोप सोडला नव्हता. जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरण्यांशेजारी. त्यांनी आधी फॉर्म वाचला. मग चष्मा कपाळावर. “हे अक्षर...” म्हणाल्या आणि पुढे बोलल्या नाहीत. तोंडी सगळं सांग म्हणाल्या. मी पाणथरीपासून नाकातल्या रक्तापर्यंत सगळं सांगितलं, आणि मगच त्यांनी काच खाली सरकवली.

मला दाखवलं. गुलाबी पेशींच्या रांगा, आणि मधल्या प्रत्येक बोळीत निळे ठिपके, एकामागे एक, माळेत ओवल्यासारखे. फार मोठे नाहीत, अक्राळविक्राळ नाहीत, म्हणून पटकन डोळ्यात भरत नाहीत. पोर्टल ट्रॅक्ट जवळजवळ रिकामे. नाके ओस आणि गल्ल्या भरलेल्या.

मॅडम म्हणाल्या, नव्याने काप घे. त्यांच्याच एका विद्यार्थ्याच्या लॅबमध्ये दोन वर्षांनी पुन्हा मायक्रोटोमसमोर बसले. हात विसरले नव्हते. आठ कापांतला एकही सुरकुतला नाही. चिन्मयचा तुकडा होता हे मनात येऊ दिलं नाही. आलं असतं तर ब्लेड हललं असतं.

आता त्या बाईंना फोनवर जे समजावलं ते. लिम्फोसाइट दिसायला सगळे सारखेच, निळे ठिपके. कोण कुठल्या जातीचा हे कळायला अँटिबॉडी लावतात. ती ज्या पेशीला चिकटेल ती पेशी तपकिरी दिसते. टी-सेल म्हणजे छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होऊन निघालेली पेशी, त्या थायमसचा टी. ग्रंथीचं हे काम जॅक मिलर यांनी दाखवलं तेही 1961 सालीच, तापाची व्याख्या झाली त्याच वर्षी. सगळ्या टी-सेलवर सीडी3 असतं. नेहमीच्या टी-सेलवर त्याशिवाय सीडी5 असतं आणि सीडी4 किंवा सीडी8 यांपैकी एक. चिन्मयच्या बोळींतल्या पेशी सीडी3 ला तपकिरी झाल्या, अगदी कडक चहासारख्या. सीडी20, म्हणजे बी-सेलची खूण, नाही. सीडी4 नाही. सीडी8 नाही. सीडी5 पण नाही. टी-सेल आहेत, पण अंगावरची ओळखपत्रं गळलेली.

लिव्हरमध्ये टी-सेल दिसल्या म्हणजे लगेच कॅन्सर असं मुळीच नाही, हे त्या बाईंना मी तीनदा सांगितलं. हिपॅटायटिसमध्ये येतात, एप्स्टाइन-बार विषाणूच्या तापात येतात, औषधाच्या रिॲक्शनमध्ये येतात, टायफॉइडमध्येसुद्धा येतात. लिव्हर ही रक्ताची चाळणी, तिथे शिपाई जमणारच. खरा प्रश्न असतो की ही गर्दी कुणाची आहे.

मी त्यांना गेरेचं उदाहरण दिलं. रंगपंचमीला राजवाड्यावर माणूस मावत नाही. पण बघा, मल्हारगंजातला येतो, परदेशीपुऱ्यातला येतो, कुणी बापाच्या खांद्यावर, कुणी टँकरवर, प्रत्येकाचं तोंड वेगळं, जरी सगळे रंगाने माखलेले असले तरी. ती खरी गर्दी. कारण संपलं की घरी जाते. आता समजा तोंडं धुतली आणि हजारच्या हजार माणसं एकाच चेहऱ्याची निघाली, तर? टी-सेलच्या पृष्ठभागावर एक रिसेप्टर असतो आणि प्रत्येक पेशी तो जनुकांचे तुकडे जोडून आपापला वेगळा बनवते. खऱ्या संसर्गात जमलेल्या पेशींचे रिसेप्टर तऱ्हेतऱ्हेचे असतात. सगळ्यांचा एकच निघाला तर त्या एकाच पेशीच्या पिलावळीतल्या आहेत. ही तपासणी ब्लॉकमधल्या तुकड्यातूनही करता येते. क्लोनॅलिटी म्हणतात. तोंड धुऊन बघणं, एवढंच ते.

त्यासाठी आणि पुढच्या स्टेनसाठी ब्लॉक मुंबईला न्यायचा होता, परळला, टाटाला. दिवाळी झाल्यावर 6 नोव्हेंबरला अवंतिका एक्सप्रेसने मी, बहीण, चिन्मय आणि त्याची बहीण निघालो. ब्लॉक माझ्या पर्समध्ये, हळदीकुंकवाच्या जुन्या डबीत कापूस घालून. रात्रभर पर्स उशाशी. रतलामला चिन्मयने खिडकीतून शेव घेतली आणि खाल्ली नाही. त्यापेक्षा मला दुसरं काही सांगायची गरज नव्हती.

तिथल्या काउंटरवर फॉर्म मिळाला. दीड ओळच जागा. मी पान उलटलं आणि मागे लिहिलं: ताप तारखेपासून, पाणथरीची दोन मापं, रक्ताचे सगळे आकडे तारखांसह, स्टेरॉइड दोन दिवस, एकेटी कधीपासून, गाठ नाही, आधी कुठलाही आजार नाही. आतल्या डॉक्टरांनी ते वाचलं आणि पहिला प्रश्न केला, आतड्याच्या सुजेसाठी अझाथायोप्रीन किंवा इन्फ्लिक्सिमॅब कधी घेतलं होतं का? नव्हतं. पण प्रश्नावरूनच मला कळलं की त्यांच्या मनात काय आहे. ती औषधं बराच काळ घेतलेल्या तरुण मुलांत हा आजार दिसतो, आणि काही न घेतलेल्यांतही.

दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. आम्ही दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलो होतो. बहिणीच्या पोटाशी बांधलेल्या पिशवीत चाळीस हजार होते, सगळे हजाराच्या नोटांत. तिने ते मोजले, परत बांधले, आणि म्हणाली, “ताई, आता हे नुसते कागद झाले ना गं?” शेजारच्या खाटेवर बीडचे एक आजोबा होते, त्यांनी सकाळी चहाचे पैसे भरले.

अस्थिमज्जाही तपासली, तिथेही त्याच पेशी, तिथल्याही बारीक बोळींत. रिसेप्टर गॅमा-डेल्टा. बहुतेक टी-सेलचा अल्फा-बीटा असतो. गॅमा-डेल्टा रक्तात थोड्याच, आतडं आणि लिव्हर यांत जरा जास्त. एप्स्टाइन-बार विषाणूचा स्टेन निगेटिव्ह. सातव्या गुणसूत्राची एक बाजू गळून दुसरी दुप्पट झालेली, आरशातल्यासारखी. क्लोनॅलिटीत एकच शिखर, म्हणजे सगळ्यांचा चेहरा एकच. हिपॅटोस्प्लेनिक टी-सेल लिम्फोमा, म्हणजे लिव्हर-पाणथरीत बसणारा टी-सेलचा कॅन्सर. 1990 साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी प्रथम नीट वर्णन केलेला, अतिशय विरळ. गाठ करतच नाही. लिव्हर, पाणथरी आणि मज्जेच्या बोळींतून पसरून बसतो. ताप येतो तो या पेशी आणि त्यांनी भडकवलेल्या मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी सोडत असलेल्या रसायनांचा, ती मेंदूतल्या तापमानाच्या बटणापर्यंत पोचतात. जंतूच नाही, तर अँटिबायोटिकने उतरणार कसा?

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. या आजारात आयुष्य बहुधा वर्षाच्या आसपास मोजलं जातं. नेहमीच्या लिम्फोमाची औषधं इथे फारशी टिकत नाहीत. वेगळी, जबर औषधं द्यायची, आजार मागे हटला की लगेच दुसऱ्याची मज्जा द्यायची. पहिल्या किमोच्या चौथ्या दिवशी ताप गेला. ते डेक्साचे तीन दिवस सोडले तर तीन महिन्यांत पहिल्यांदा. बहीण थर्मामीटर झटकून पुन्हा-पुन्हा लावत होती. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळायची शक्यता चारात एक. त्याची एकच बहीण, आणि तिची जुळली. मार्च 2017 मध्ये प्रत्यारोपण. त्या वर्षीची रंगपंचमी त्याने काचेच्या आत बघितली, मित्रांनी व्हिडिओ कॉल लावून गेर दाखवली.

नोव्हेंबरात आजार परतला. फेब्रुवारी 2018 मध्ये चिन्मय गेला.

मी मुंबईतल्या डॉक्टरांना विचारलं होतं की पस्तीस दिवस आधी कळलं असतं तर. ते म्हणाले, या आजारात सांगता येत नाही, कदाचित लिव्हर बऱ्या अवस्थेत मिळालं असतं. “कदाचित” हा शब्द मी घरी घेऊन आले. बहिणीला फॉर्मचं अजून सांगितलेलं नाही. मॅडमना माहीत आहे, त्या कधी बोलल्या नाहीत. आता इथे लिहिलंय, आणि भाची हा ब्लॉग वाचते, तेव्हा कळेलच.

त्या लोकमान्य नगरच्या बाईंना मी सांगितलं: ब्लॉक मागून घ्या. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा, लिम्फोमा बघणाऱ्याला. सीडी3, सीडी20, सीडी4, सीडी8, सीडी5 झालेत का विचारा. पेशी नाक्यांवर आहेत की बोळींत, ते विचारा. पाणथरीचं माप आणि सगळे सीबीसी तारीखवार लिहून न्या. फेरिटिन बघितलंय का? आणि निदान होईपर्यंत कुणाला स्टेरॉइड टोचू देऊ नका, जीवावर बेतलं असेल तर डॉक्टर ठरवतीलच. त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं, मध्येच “थांबा हं, पेन चालत नाहीये” म्हणाल्या. मी थांबले. दिराचं टीबीच निघो किंवा काही साधं, असं मनात म्हटलं. टीबीच निघो असं म्हणायची वेळ यावी, हे मला तीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

चिन्मयचा ब्लॉक मुंबईहून परत मिळाला. इंदूरच्या लॅबमध्ये द्यायला गेले तर काउंटरवर नवीन मुलगा. रजिस्टर चाळून म्हणाला, “आंटी, ये तो इशू हो चुका है, आप ही रख लो.” मी तो परत त्याच डबीत घालून आणला. कपाटात वरच्या खणात असतो. इतक्यांदा कापून तुकडा आता मेणात नखाच्या चंद्रकोरीएवढाही उरलेला नाही. पॅराफिन साठाच्या आसपास वितळतं आणि इंदूरचा मे चव्वेचाळीसच्या पुढे सहसा जात नाही, हे मला कुणी सांगायला नको. तरी अक्षय्य तृतीया झाली की मी डबी खाली काढते आणि स्वयंपाकघरात माठाला लागून ठेवते, पहिला पाऊस येईपर्यंत.